‘मी’ आधी की ‘तू’? : ‘मी बिफोर यू’ या कादंबरीविषयी

प्रेमकथेकडे आपल्या समाजात दोन रीतींनी पाहिले जाते. वडीलधारी मंडळी तिला वेळेचा अपव्यय मानतात आणि तरुण मंडळी ती मन लावून, बहुधा चोरून वाचतात. दोन्ही पक्ष तिच्याविषयी एकमेकांशी बोलत मात्र नाहीत. त्यामुळे होते असे की, एखाद्या प्रेमकथेने जीवनमरणाचा प्रश्न उपस्थित केला, तरी त्या प्रश्नाचे उत्तर तरुण वाचकाला एकट्यानेच, उशीवर डोके टेकून शोधावे लागते. जोजो मॉइज या इंग्लिश लेखिकेची ‘मी बिफोर यू’ ही कादंबरी अशा प्रकारची आहे. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली, २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि जगभरातील लाखो वाचकांनी ती डोळे पुसत वाचली. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या किंवा रुग्णसेवेच्या नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलींना तर ती अधिकच जवळची वाटावी. कारण तिची नायिका पगारावर रुग्णसेवा करणारी एक साधी मुलगी आहे. या कादंबरीविषयी आम्हांला जे वाटले, ते आमच्या वाचक कुटुंबांपुढे मोकळेपणाने ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही कादंबरी सवंग नाही. ती वाचूच नये असे आम्ही म्हणणार नाही. उलट तिच्यातील पुष्कळ पाने आम्हांला मनापासून आवडली, आणि नेमके त्यामुळेच तिचा शेवट आम्हांला अस्वस्थ करून गेला. वाईट पुस्तकातील वाईट विचार फारसे नुकसान करीत नाहीत. वाचक ते पुस्तकाबरोबरच बाजूला टाकतो. परंतु चांगल्या पुस्तकाने आपल्याला रडवून जो विचार मनात उतरवला, तो तिथे घर करतो.

कथानक थोडक्यात असे. इंग्लंडमधील एका लहानशा गावात किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या चहाच्या दुकानात लुईझा क्लार्क ही सव्वीस वर्षांची मुलगी नोकरी करते. दुकान बंद पडते. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची : वडिलांच्या नोकरीचा भरवसा नाही, आजोबा पक्षाघाताने खचलेले, धाकटी बहीण ट्रीना आपल्या लहान मुलासह माहेरीच राहते. अशा वेळी लुईझाला ट्रेनर या श्रीमंत घराण्यात सहा महिन्यांची नोकरी मिळते. त्यांचा मुलगा विल हा पस्तीस वर्षांचा. एकेकाळी तो लंडनमधील बडा व्यावसायिक होता, डोंगर चढणारा, समुद्रात उड्या घेणारा. २००७ साली पावसाळी सकाळी रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलीने त्याला धडक दिली, मानेच्या मणक्याला इजा झाली आणि हातापायांतील बळ गेले. आता तो चाकांच्या खुर्चीला जखडलेला आहे, कडवट आहे, कुणाशी धड बोलत नाही.

लुईझा आपले रंगीबेरंगी कपडे आणि अखंड बडबड घेऊन या घरात येते. हळूहळू दोघांची मैत्री जमते. आणि मग तिला दाराआडून कळते की, हे सहा महिने म्हणजे आईने मुलाकडून मागून घेतलेली मुदत आहे. विलने आधी एकदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला आहे. सहा महिन्यांनंतर तो स्वित्झर्लंडला जाऊन तेथील ‘डिग्निटास’ या संस्थेच्या साहाय्याने आपले जीवन संपवणार आहे. लुईझा ठरवते की, या अवधीत त्याला जगण्याची गोडी लावायचीच. घोड्यांच्या शर्यती, संगीताची मैफल, विलच्या पूर्वीच्या मैत्रिणीचे लग्न आणि शेवटी मॉरिशसची सहल, असा तिचा प्रयत्न चालू राहतो. ती त्याच्या प्रेमात पडते, तोही तिच्या प्रेमात पडतो. मॉरिशसच्या किनाऱ्यावर ती आपले प्रेम व्यक्त करते. आणि तो सांगतो की, त्याचा निर्णय बदललेला नाही. कादंबरीच्या अखेरीस तो स्वित्झर्लंडला जातो. लुईझा आधी संतापते, तुटून पडते, पण शेवटी त्याच्या उशाशी पोहोचते.

कादंबरीचे बळ

या कादंबरीत आम्हांला सर्वात भावले ते शुश्रूषेचे वर्णन. एरवीच्या प्रेमकथांत नायकाचे शरीर म्हणजे रुंद खांदे आणि बळकट बाहू. येथे शरीर म्हणजे दर काही तासांनी लक्ष द्यावे लागणारी, ताप केव्हा चढेल याचा नेम नसलेली, एका जागी बसून कातडीला जखमा होणारी, मूत्रपिंडाच्या आणि फुप्फुसांच्या विकारांना सतत बळी पडणारी एक नाजूक वस्तू. नेथन हा विलचा पुरुष परिचारक हे सारे लुईझाला शिकवतो. बर्फ पडून रस्ते बंद झालेल्या दिवशी विलला ताप भरतो आणि अननुभवी लुईझा घाबरून जाते, तो प्रसंग वाचताना, घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या कोणत्याही गृहिणीच्या काळजाचा ठोका चुकेल. लुईझा विलची वाढलेली दाढी करते आणि केस कापते, तो प्रसंगही असाच. दोन माणसांमधील जवळीक एका वस्तऱ्याच्या सावध चालीतून व्यक्त होते. प्रेम म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे, तर दुसऱ्याच्या दुबळ्या देहाची रोजची, कंटाळवाणी, न चुकणारी काळजी, हे या पानांनी जितके सहज सांगितले आहे, तितके प्रवचनांतूनही क्वचितच सांगितले जाते.

दुसरे बळ आईच्या चित्रणात आहे. विलची आई कॅमिला ही मॅजिस्ट्रेट आहे. शिस्तीची, थंड वाटणारी, मनातले ओठांवर न आणणारी. आपल्या मुलाला मरू देण्याचे वचन तिने का दिले असेल, हा प्रश्न वाचकाला पडतोच. लेखिकेने एक संपूर्ण प्रकरण तिच्या तोंडी दिले आहे. मुलाला एकदा मरणाच्या दारातून परत आणलेल्या मातेची ती कैफियत वाचून तिच्याकडे बोट दाखवण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तिने जे केले ते योग्य होते असे नव्हे. परंतु ज्या भीतीपोटी तिने ते केले, ती भीती खरी आहे.

तिसरी गोष्ट गरिबी आणि श्रीमंतीची. क्लार्क कुटुंबात पगाराच्या एका पाकिटावर सहा माणसे अवलंबून असतात, तर ट्रेनर कुटुंबाकडे किल्लाच आहे. लेखिकेने हा भेद थट्टेच्या सुरात, पण डोळसपणे रंगवला आहे. लुईझाच्या वाढदिवशी विल तिला काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे पायमोजे भेट देतो. लहानपणी तिला तसे मोजे प्रिय होते, हे त्याने लक्षात ठेवलेले असते. तिच्या सात वर्षांच्या मित्राला, शर्यतींच्या नादात बुडालेल्या पॅट्रिकला, तिची ही आवड कळलेलीच नसते. खरे पाहिले तर चालता-धावता असलेला पॅट्रिक या कादंबरीतील अधिक पंगू माणूस आहे, असे कुणी म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

आमचे आक्षेप

परंतु मग शेवट येतो. या शेवटाविषयी आमचे म्हणणे केवळ ‘धर्माला मान्य नाही’ एवढेच असते, तर ते दोन ओळींत सांगून थांबलो असतो. आमचा आक्षेप प्रथम साहित्यिक आहे. कादंबरीने चारशेहून अधिक पाने जे दाखवले, त्याच्याशी तिचा शेवट प्रामाणिक राहत नाही.

पहिला मुद्दा निवेदनाचा. कथा बहुतांशी लुईझा सांगते. मधूनमधून कॅमिला, नेथन, विलचे वडील स्टीव्हन आणि बहीण ट्रीना यांनाही एकेक प्रकरण मिळते. मिळत नाही ते फक्त विलला. कादंबरीच्या प्रारंभी, अपघाताच्या त्या सकाळी, वाचक त्याच्या मनात डोकावतो. तेव्हा तो आपल्या पायांवर उभा असतो. अपघातानंतर मात्र त्याच्या मनाचे दार बंद होते, ते अखेरच्या पत्रापर्यंत. म्हणजे विल धडधाकट असेतो लेखिकेला त्याच्या मनात शिरता येते आणि तो खुर्चीत बसताच तो इतरांच्या नजरेचा विषय होतो. ज्याचा निर्णय हाच कादंबरीचा गाभा, त्याच्या मनातील झगडा, रात्रीच्या शंका, लुईझा हसल्यावर क्षणभर डळमळलेले मन, यांपैकी काहीही आपल्याला आतून पाहायला मिळत नाही. त्याचा निर्णय अढळ होता असे आपल्याला सांगितले जाते. तो अढळ का राहिला, हे दाखवले जात नाही. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढे थोडे पुरावे पुरेसे आहेत काय?

दुसरा मुद्दा किल्ल्यातील भूलभुलैयाचा. झुडपांच्या भिंतींच्या त्या चक्रव्यूहात लुईझा एके दिवशी हरवते आणि तिच्या तरुणपणीची एक भयानक आठवण उफाळून येते. तेथेच तिच्यावर अत्याचार झालेला होता. तेव्हापासून तिने स्वतःला त्या लहान गावात कोंडून घेतले आहे. विल तिचे सारे ऐकून घेतो आणि तिला समजावतो की, त्या एका घटनेला तिने आपल्या साऱ्या आयुष्याची ओळख ठरू देऊ नये. कादंबरीतील हे सर्वात शहाणपणाचे बोल आहेत. आणि ते बोलणारा माणूस स्वतः मात्र एका पावसाळी सकाळच्या घटनेला आपल्या साऱ्या आयुष्याची ओळख ठरवून बसला आहे! हा विरोध लुईझाच्या लक्षात यायला हवा होता. तिने त्याचेच शब्द त्याच्यापुढे धरायला हवे होते. तसे झाले असते तर या दोघांत खरे भांडण झाले असते, आणि कादंबरीला तिचा सर्वात मोठा प्रसंग मिळाला असता. लेखिका त्या दारापर्यंत येते आणि पाठ फिरवते.

तिसरा मुद्दा विलसारख्या इतरांचा. लुईझा संगणकावरून अशाच अवस्थेत जगणाऱ्या काही लोकांशी संपर्क साधते. ते तिला धीर देतात, सहलींविषयी व्यवहारी सूचना करतात, कुणी आपले दुःखही सांगतात. म्हणजे अशा अवस्थेत जगणारी, नोकऱ्या करणारी, संसार थाटणारी माणसे आहेत हे कादंबरीला माहीत आहे. परंतु ती पडद्यामागेच राहतात. त्यांपैकी एकालाही खुर्चीसह विलच्या खोलीत प्रवेश मिळत नाही. २०१६ साली चित्रपटाचा लंडनमधील पहिला खेळ झाला, तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी बाहेर निदर्शने केली. आमच्यासारख्यांचे जीवन जगण्यालायक नसते असा संदेश तुम्ही जगाला देत आहात, असा त्यांचा आरोप होता. ते काही धर्ममार्तंड नव्हते. ते खुर्चीत बसून जगणारेच लोक होते.

चौथा मुद्दा आम्ही संकोचानेच मांडतो. विल मागे लुईझासाठी पैसे ठेवून जातो आणि एक पत्र. ते तिने पॅरिसमधील एका कॅफेत बसून वाचायचे असते. तिने शिकावे, जग पाहावे, धीटपणे जगावे अशी त्याची इच्छा. मन हेलावून टाकणारा हा शेवट आहे यात शंका नाही. पण अश्रू पुसून पुन्हा पाहिले की दिसते, विलचे मरण ही लुईझाच्या नव्या आयुष्याची पायरी झाली आहे. त्याने जगून तिला जे देता आले असते, ते मरून दिले असा हिशेब मांडला गेला आहे. आणि विलच्या लेखी जगणे म्हणजे काय? तर डोंगर, समुद्र, पॅरिस. घरात आजोबांच्या शेजारी बसून त्यांना चहा पाजणारी लुईझाची आई जगत नव्हती काय? जे जीवन धावू शकत नाही ते जीवन नव्हे, ही विलची मोजपट्टी कादंबरीत कुणीच त्याच्या हातून काढून घेत नाही.

आश्चर्य असे की, पुढे स्वतः लेखिकेनेच या मोजपट्टीला धक्का दिला. २०१५ साली आलेल्या ‘आफ्टर यू’ या पुढील भागात शोकाने खचलेल्या लुईझाच्या दारात सोळा वर्षांची एक मुलगी येऊन उभी राहते. तिचे नाव लिली. ती विलची मुलगी असते. महाविद्यालयीन काळातील एका मैत्रिणीपासून झालेली. विलला तिचा पत्ताच नव्हता. म्हणजे ज्याने आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडून शेवटची ओळ ओढली, त्याच्या वहीचे एक संपूर्ण पान त्याने पाहिलेलेच नव्हते! त्या मुलीला खुर्चीत बसलेला बापही चालला असता. लेखिकेने हे कथानक कोणत्याही हेतूने रचलेले असो, विलच्या निर्णयावरील याहून बोचरी टीका आम्हांला सुचली नसती. आपल्या जीवनाची किंमत आपल्याला पूर्णपणे ठाऊक असते, हा समजच मुळी खोटा आहे.

दुसरी बाजू

येथे कुणी आम्हांला विचारील, आणि विचारणे योग्यच आहे : ‘वेदना त्याची, देह त्याचा. दुसऱ्याने त्याला केवळ आपल्या प्रेमासाठी जगायला लावणे हाही स्वार्थ नव्हे काय?’ कादंबरीचे नावच या प्रश्नाशी खेळते. इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘तू भेटण्यापूर्वीची मी’ असा होतो आणि दुसरा ‘तुझ्याआधी मी’ असा. योगायोग असा की, त्यातील पहिला शब्द इंग्रजीत उच्चारा की मराठीत, कानावर ‘मी’च पडतो. विलने ‘मी’ आधी ठेवला असे म्हणावे, तर लुईझाने त्याला थांबवू पाहण्यातही तिचा ‘मी’ नव्हता काय?

या आक्षेपात तथ्य आहे. प्रेम कुणाला जबरदस्तीने जगवू शकत नाही. विल सदैव वेदनेत असतो, पुन्हा पुन्हा आजारी पडतो, आणि सुधारणेची आशा नाही, हे कादंबरी लपवत नाही. त्याच्या दुःखाला कमी लेखण्याचा अधिकार निरोगी माणसाला नाही. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. माणूस ‘मला मरायचे आहे’ म्हणतो तेव्हा तो एकटा बोलत नसतो. आपण भार झालो आहोत, आपल्याकडे पाहून लोकांची नजर वळते, आपली पूर्वीची मैत्रीण आपल्याच मित्राशी लग्न करते आहे, हे सारे त्या वाक्यात मिसळलेले असते. त्या वाक्याला ‘ठीक आहे, तुझी मर्जी’ असे उत्तर देणे हा वरवर पाहता आदर वाटतो. पण त्यात ‘होय, आम्हांलाही तसेच वाटते’ अशी संमतीही दडलेली असते. आमचा खरा वाद विलशी नाही. विलच्या त्या वाक्याला सुंदर संगीताची साथ देणाऱ्या कलाकृतीशी आहे.

हा सूर एकट्या या कादंबरीचा नाही. कादंबरीपूर्वी दोन वर्षे, २०१० मध्ये, संजय लीला भन्साळी यांचा ‘गुजारिश’ हा हिंदी चित्रपट आला होता. गोव्याच्या पार्श्वभूमीवरील त्या कथेतील नायक ईथन मास्करेन्हस हा जादूगार अपघाताने असाच लुळा झालेला आहे. सोफिया ही परिचारिका बारा वर्षे त्याची सेवा करते. तो न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो, न्यायालय ती नाकारते, आणि शेवटी सोफियाच त्याला साथ द्यायला तयार होते. नावे आपल्या ओळखीची, घरे आपल्या ओळखीची. पण बारा वर्षांच्या सेवेला प्रेमाचा पुरावा न मानता, मरणाला दिलेला होकारच प्रेमाचा पुरावा मानला गेला. प्रेमकथेने ही नवी रीत धरली आहे, आणि ती तपासून पाहणे आपले कर्तव्य आहे.

आपल्या मुंबईने या विषयावर एक निराळी कथा जगाला दिली आहे, आणि ती काल्पनिक नाही. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना मृत्यू द्यावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा या परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि निकालात त्या सेवेचा गौरव केला. दोन्ही कथांची तुलना पूर्णपणे जुळणारी नाही, हे आम्ही जाणतो. विल बोलू शकत होता, अरुणाबाई आपली इच्छा सांगू शकत नव्हत्या. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्यांनी रोज त्या देहाला स्नान घातले, भरवले, त्यांना ते जीवन निरर्थक वाटले नाही. निरर्थक ते बहुधा दुरून पाहणाऱ्याला वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवण

या विषयावरील ख्रिस्तसभेची भूमिका आपल्यापैकी अनेकांना अर्धवट माहीत असते. काहींना वाटते की, ख्रिस्तसभा रुग्णाला नळ्या आणि यंत्रे लावून कसेही करून जिवंत ठेवायला सांगते. तसे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात हा भेद स्पष्ट केलेला आहे. जे उपचार अतिशय क्लेशदायक, धोक्याचे किंवा अपेक्षित परिणामाच्या मानाने अवाजवी ठरतात ते थांबवणे योग्य असू शकते. त्यात मृत्यू घडवून आणण्याचा हेतू नसतो, तर तो रोखता येत नाही याचा स्वीकार असतो. वेदना शमवण्यासाठी औषधे देणेही मान्य आहे. मान्य नाही ते मृत्यू हेच साध्य मानून केलेले कृत्य. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्यास काही अटींवर मान्यता दिली; औषध देऊन मृत्यू घडवण्यास नव्हे. विल ट्रेनर मरणासन्न नव्हता. त्याच्या शरीरातून कोणते यंत्र काढून घ्यायचे नव्हते.

याच धर्मशिक्षणग्रंथाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय राहणे कठोरपणाचे होईल. तीव्र मानसिक क्लेश आणि भीती यांमुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. आमच्या वाचकांपैकी एखाद्या घरात असे दुःख असेल, तर हा लेख त्यांच्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी नाही. कृत्याचा न्याय करता येतो. माणसाचा न्याय परमेश्वराकडे असतो.

मग लुईझाने शेवटी त्याच्या उशाशी जावे की न जावे? कादंबरीतील सर्वात कठीण प्रश्न हाच आहे. लुईझाची आई तिला बजावते की, तू गेलीस तर परत या घरात येऊ नकोस. आईला त्या कृत्याचा वाटणारा धक्का आम्हांला समजतो. पण लेकीला दार बंद करून कोणते सत्य वाचते? दुसरीकडे, २०२० साली व्हॅटिकनने ‘सामारितानुस बोनुस’ या नावाचे पत्र प्रसिद्ध केले. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यावरून त्याला हे नाव दिले आहे. अशा रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्यांनी त्यांची सोबत शेवटपर्यंत सोडू नये, परंतु प्रत्यक्ष कृत्याच्या वेळी तेथे थांबण्यासारखे, संमती समजली जाईल असे काही करू नये, असे त्यात सांगितले आहे. साथ आणि संमती यांतील रेषा किती बारीक आहे, हे या दोन उदाहरणांतून कळते. लुईझा काही धर्मगुरू नव्हे. प्रेमात बुडालेली एक मुलगी आहे. तिने त्याला एकटे सोडले नाही यात आम्हांला करुणा दिसते. परंतु त्या खोलीत शिरण्यापूर्वी तिने शेवटचे एकदा ‘नाही’ म्हटले असते आणि मग त्याचा हात धरला असता, तर तिचे प्रेम उणे ठरले नसते.

कादंबरीच्या शेवटाकडे लेखिकेने एक सरकारी कागद जोडला आहे. इंग्लंडमध्ये १९६१ च्या कायद्यान्वये आत्महत्येस साहाय्य करणे हा चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला गेला. या प्रकरणात खटला भरण्यात सार्वजनिक हित नाही, असा अभिप्राय त्या कागदात आहे. कायद्याची फाईल बंद होते. प्रेमाची फाईल मात्र उघडीच राहते, हे कदाचित लेखिकेलाही जाणवले असावे. म्हणूनच तिला पुढचा भाग लिहावा लागला.

वाचकांना विनंती

संत मार्कच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. दारात गर्दी होती म्हणून त्याच्या चार साथीदारांनी घराचे छप्पर उसकटले आणि त्याला बाजेसकट प्रभूपुढे खाली सोडले. त्या पक्षाघाती माणसाला जगायचे होते की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. तो स्वतः एक शब्दही बोलत नाही. प्रभूने त्या वाहून आणणाऱ्यांची श्रद्धा पाहिली, एवढे मात्र सांगितले आहे. कधी कधी माणसाची जगण्याची इच्छा त्याच्यापाशी उरलेली नसते. ती त्याच्या वतीने इतर चौघांना वाहावी लागते. विलची गोष्ट वाचताना आम्हांला सतत जाणवत राहिले की, त्याच्या बाजेला हात एकच होता. लुईझाचा. आई शरण गेलेली, वडील दुसऱ्याच बाईत गुंतलेले, मित्र निघून गेलेले, पॅट्रिकला शर्यतीतून सवड नाही. नेथन होता, पण तोही अखेरीस विलच्या निर्णयापुढे गप्प झाला. सव्वीस वर्षांच्या एका मुलीने सहा महिन्यांत एकटीने ते छप्पर उसकटावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

आणि येथे हे पुस्तक आपल्याला, धर्मग्रामातील कुटुंबांना, थेट प्रश्न विचारते. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, आपण त्यांना खुर्चीत बसवून मंदिरात आणतो, रुग्णाभ्यंगाचा संस्कार होतो, सर्वांचे डोळे पाणावतात. त्यानंतर उरलेल्या दिवसांत त्या बाजेला किती हात लागतात? बहुतेक घरांत तो भार एका सुनेच्या, एका लेकीच्या किंवा एका अविवाहित मावशीच्या खांद्यावर पडतो. आपण तिला ‘पुण्य लागेल’ म्हणतो आणि पुढे जातो. तिला एक दुपार झोप मिळावी म्हणून कुणी तिच्या जागी बसते काय? विलसारख्याला ‘तू जग’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार हा अशा दुपारींतून कमवावा लागतो. तो केवळ धर्मशिक्षणग्रंथाचा क्रमांक सांगून मिळत नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. ‘मी बिफोर यू’ जरूर वाचावी, पण एकट्याने उशीखाली ठेवून वाचू नये. आईने वाचावी, मुलीने वाचावी, आणि मग स्वयंपाकघरात दोघींनी बोलावे. शुश्रूषेची पाने पुन्हा वाचावीत. ती खरी आहेत. शेवटाची पाने वाचून रडू आले तर रडावे. पण डोळे पुसून झाल्यावर विचारावे की, हे पुस्तक आपल्याला कुणासाठी रडायला लावते आहे. विलसाठी, लुईझासाठी, की पुढे दार ठोठावणार असलेल्या त्या मुलीसाठी, जिच्या बापाने तिला न भेटताच आपला हिशेब पुरा केला?